पंक्तीबाहेरचे पान

मराठी समीक्षेच्या पंक्तीत काही पाहुण्यांना कायम बाहेर बसवण्याचा रिवाज आहे. रहस्यकथा त्यांपैकी एक, विज्ञानकथा दुसरी. दोहींचा संकर झालेली कादंबरी आली, तर तिला पानच वाढायचे नाही, असा जणू संकेत! समीक्षक म्हणतात, उत्कंठा आहे म्हणजे हे रंजन. विज्ञानप्रसारक म्हणतात, विज्ञान आहे म्हणजे हे शिक्षण; रहस्य हा केवळ कडू गोळीवरचा साखरेचा लेप. या दोन्ही मतांशी आमचा उभा दावा आहे.

जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी घ्या. जमिनीच्या पोटात खोलवर एक पेटी सापडते. एका लोप पावलेल्या, अतिप्रगत संस्कृतीचे ज्ञान तीत साठवलेले आहे. शास्त्रज्ञ ते उलगडतात, त्याबरहुकूम एक यंत्रमानव घडवतात आणि त्याला वामन म्हणतात. त्या ज्ञानावर डोळा ठेवून असलेली माणसे भोवताली आहेतच. पण खरा धोका बाहेरच्या चोराचा नाही. वामनाला आपल्यासारखे आणखी वामन हवे आहेत!

आता यातून रहस्य वजा करून पाहा. शेवट पहिल्याच पानावर सांगून टाका. हाती काय उरेल? यंत्रांपासून सावध राहण्याचा उपदेश करणारा एक निबंध. ज्ञानाच्या वाटेवर चालणाऱ्याला पुढचे पाऊल कोठे पडेल हे ठाऊक नसते. तेच अज्ञान उत्कंठा वाचकाच्या वाट्याला देते. पेटी उघडावी असे वाचकालाही वाटते. वामन घडावा अशी त्याचीही इच्छा असते. शास्त्रज्ञांच्या मोहात तो भागीदार होतो आणि मगच त्याला जबाबदारीची जाणीव होते. जी नैतिक प्रचीती प्रवचनाने येत नाही ती येथे रहस्याने येते. मग त्याला लेप कसे म्हणावे?

आमच्यावर आक्षेप येईल, हे आम्ही जाणतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या साऱ्या वाङ्मय म्हणायच्या काय? मुळीच नाही. पण सुमार सामाजिक कादंबऱ्या काय थोड्या झाल्या? त्यांच्यापायी सामाजिक कादंबरीला कोणी पंक्तीतून उठवले नाही. नारळीकरांची पात्रे कधी कधी व्यक्ती म्हणून पुसट राहतात, त्यांचे संवाद व्याख्यानाकडे झुकतात, हेही आम्हांस मान्य आहे. हे दोष मांडावेत, अवश्य मांडावेत; परंतु ते कादंबरीचे दोष म्हणून. न वाचताच प्रकारावरून पायरी ठरवणे याला समीक्षा म्हणत नाहीत.

आणि प्रकारांच्या सोवळ्याचा एवढा अभिमान कशासाठी? फादर स्टीफन्स यांनी बायबलची कथा ओवीबद्ध पुराणाच्या घाटात ओतली, तेव्हा ‘ख्रिस्तपुराण’ (1616) जन्मास आले. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (1857) कथा आहे, प्रवास आहे आणि विधवांच्या दुःखाची कैफियतही आहे. आज तिला मराठीतील आद्य कादंबरीचा मान देताना तिचे मिश्रपण कोणाला खुपत नाही.

नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. नावाचे वजन न पडता कथा पारखली जावी हा त्यामागील हेतू. आणि पहिले पारितोषिक तिलाच मिळाले. पुढे 2014 मध्ये साहित्य अकादमीने त्यांचा गौरव केला, तो आत्मचरित्रासाठी. 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. 20 मे 2025 रोजी ते निवर्तले. माणसाला मान मिळाला. त्याचा वाङ्मयप्रकार मात्र अजून उंबऱ्याबाहेरच आहे.

हा वाद शहरातील चर्चासत्रांपुरता असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे डोळ्यांसमोर आणा. एकीकडे पिढीजात शेती, दुसरीकडे शिकरापूर, सणसवाडी, रांजणगावचे कारखाने. याच जिल्ह्यात खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 दुर्बिणी अवकाशाकडे कान लावून आहेत. वाहन-उद्योगात यांत्रिक हात आता नवलाचे राहिलेले नाहीत. ज्याच्या घरी दिवाळीत बळीच्या राज्यासाठी अजून ओवाळले जाते, असा एखादा शेतकऱ्याचा मुलगा त्या यंत्रांशेजारी पाळी करतो. वामनाचे तिसरे पाऊल कोणाच्या मस्तकावर पडले, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. नारळीकरांची कादंबरी त्याच्या उद्याविषयी आहे. दिवसभर राबलेल्या या वाचकाला रात्री जागे ठेवील ती उत्कंठाच. आमचे-तुमचे परिसंवाद नव्हेत.

तेव्हा समीक्षकांनी अशी कादंबरी कादंबरी म्हणून वाचावी. ग्रंथपालांनी तिला बालविभागात किंवा ‘रंजक’ अशा चिठ्ठीखाली न दडवता इतर कादंबऱ्यांच्या मांडणीवर ठेवावे. नव्या लेखकांनीही पंक्तीत जागा मिळावी म्हणून आपल्या कथेतील रहस्य काढून टाकू नये. कारखान्यातून परतणाऱ्या त्या वाचकाच्या हाती पुस्तक पोहोचण्याची तीच एक वाट आहे.