मंगळ विचारता, व्हिसा का विचारत नाही?

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत खिडकीपलीकडचा अधिकारी नव्या नवरीला काय काय विचारतो, याचे किस्से आपल्याकडे चवीने सांगितले जातात. नवरा नेमके काम काय करतो? तिथे कुणाबरोबर राहतो? त्याचे आधी एखादे लग्न झाले होते का? मोडले असेल तर त्याचा कागद कुठे आहे? तुमचे लग्न कुणी जमवले, आणि त्याआधी तुम्ही किती वेळा भेटलात? त्या अधिकाऱ्याला मुलीच्या सुखदुःखाशी कर्तव्य नसते. खोट्या लग्नाच्या आधाराने कुणी आपल्या देशात शिरू नये, एवढीच त्याची काळजी. तरी तो विचारतो. तिच्या सुखाशी ज्याला कर्तव्य आहे त्या बापाने मात्र यातला एकही प्रश्न मुलाकडच्यांना विचारलेला नसतो. घर स्वतःचे आहे का आणि चिरंजीव रजेवर कधी येणार, एवढ्यावर त्याची चौकशी संपलेली असते.

चिरंजीव तीन आठवड्यांसाठी येतात. पहिल्या आठवड्यात मुली बघतात, दुसऱ्यात साखरपुडा होतो, तिसऱ्यात हॉल मिळेल त्या दिवशी अक्षता पडतात. कधी नोंदणी आधी उरकून घेतात, कारण ‘कागद लवकर पुढे सरकले पाहिजेत’. आता व्हिडिओ कॉलवर महिनोन्महिने बोलणे होते, हे खरे. पण त्या बोलण्यात बर्फ असतो, गाडी असते, शनिवार-रविवारच्या सहली असतात. मुलीचा त्या देशातला कायदेशीर दर्जा काय असेल, हे नसते. मंडईत भेंडीचे टोक मोडून पाहिल्याशिवाय पाव किलो न घेणारी माणसे परदेशस्थ जावई मात्र बिनचौकशी पदरात पाडून घेतात. आणि वर ‘मुलीचे कल्याण झाले’ म्हणून पेढे वाटतात.

हे कल्याण कोणत्या कायद्याच्या आधाराने होते, ते पाहू. अमेरिका दरवर्षी साधारण 10 लाख लोकांना कायमच्या वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, देते. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांना तो नात्याच्या बळावर मिळतो. ही व्यवस्था 1965 च्या कायद्याची. त्याआधी हिंदुस्थानच्या वाट्याला 1946 पासून वर्षाकाठी अवघ्या 100 जागा होत्या. 1965 साली वंशावर आधारलेला कोटा रद्द करताना मायकेल फीगन या काँग्रेस-सदस्याने नात्याला अग्रक्रम देण्याचा आग्रह धरला. त्यामागचा हिशेब असा की, ज्यांचे नातेवाईक आधीच इथे आहेत तेच येतील, म्हणजे युरोपातले गोरेच येतील. आशियातल्या लोकांचे इथे आहेच कोण? हिशेब साफ चुकला. आपले डॉक्टर आणि इंजिनियर कौशल्याच्या जोरावर गेले, त्यांनी बायका नेल्या, मग आईवडील, मग भाऊ-बहिणी. त्या चुकलेल्या हिशेबातून आपले दादर, डोंबिवली आणि सदाशिव पेठ न्यू जर्सीला पोचली. त्यात वाईट काहीच नाही. माणसाने आपल्या माणसांना जवळ बोलवावे, यापेक्षा स्वाभाविक ते काय?

वाईट आहे ते लग्नाच्या बाजाराने या कायद्यातले फक्त सोयीचे तेवढे उचलले, हे. जाहिरातीत ‘ग्रीनकार्डधारक’ हा शब्द आला की स्थळाचा भाव चढतो. प्रत्यक्षात अमेरिकी नागरिकाच्या बायकोला संख्येची मर्यादा नाही, ग्रीनकार्डधारकाच्या बायकोला आहे. तिच्यासाठी वेगळा वर्ग, वेगळी रांग. ती कधी दोन-तीन वर्षांची असते, एकेकाळी पाच-पाच वर्षांचीही होती. दरम्यान तिने कायम राहायला जाण्याचा इरादा कागदोपत्री जाहीर केलेला असतो, म्हणून पर्यटक व्हिसाही सहसा मिळत नाही. आणखी एक बारकावा. नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्ड मिळवणाऱ्या मुलाचे लग्न ते हातात पडण्याच्या आदल्या दिवशी झाले, तर बायको त्याच्याच अर्जाच्या आधाराने पुढे जाऊ शकते. दुसऱ्या दिवशी झाले, तर तिला नव्या रांगेत शेवटी उभे राहावे लागते. एका दिवसाने मुलीच्या आयुष्याची काही वर्षे इकडची तिकडे होतात. हे सांगणारा भटजी नाही आणि मध्यस्थही नाही. मुलाला वकिलाने सांगितलेले असते. तो गप्प राहतो, कारण गरज त्याला नसते. मग नवी सून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सासूसासऱ्यांची औषधे आणि बाजारातली खरेदी सांभाळत व्हिसाची वाट पाहते, आणि शेजारीपाजारी तिला ‘अमेरिकेची सून’ म्हणतात.

नोकरीसाठीच्या एच-वन व्हिसावरच्या मुलाशी लग्न केले तर ती लवकर जाते. जाते ती एच-फोर म्हणून, नवऱ्याच्या व्हिसाला टाचलेली. इथे ती दंतवैद्य असेल, सीए असेल, तिने कंपनीत दहा जणांची टीम सांभाळली असेल. तिथे तिला नोकरी करता येत नाही. 26 मे 2015 पर्यंत कुठल्याच एच-फोर बायकोला करता येत नव्हती. त्यानंतर परवानगी मिळू लागली तीही मुख्यतः ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीन कार्डचा पहिला अर्ज त्याच्या कंपनीमार्फत मंजूर झाला आहे त्यांनाच. तोवर सोशल सिक्युरिटी नंबरही नाही. पैसा नवऱ्याचा, पासपोर्ट बहुधा त्याच्या कपाटात, आणि घटस्फोट झाला की तिथे राहण्याचा आधारच संपला. मूल तिथे जन्मले तर ते तिथले नागरिक. त्याला बापाच्या संमतीवाचून घेऊन मायदेशी परतली तर मुलाला पळवल्याचा आरोप आई‌वर येऊ शकतो. मुलांच्या अपहरणासंबंधीच्या 1980 च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे तिथले न्यायाधीश अशा आईला भारतात जाऊ द्यायला आणखी कचरतात.

आता अशी मुलगी रात्री बाथरूमचे दार लावून घरी फोन करते तेव्हा इकडून काय उत्तर मिळते? ‘थोडे सोस. ग्रीन कार्ड होऊ दे, मग बघू.’ हे वाक्य मी इतक्या सुशिक्षित घरांत ऐकले आहे की त्याचा राग येण्याऐवजी आता लाज वाटते. अमेरिकेच्या कायद्याने तिची किल्ली नवऱ्याच्या हातात दिली, ही त्या कायद्याची खोट. पण बाहेरून कडी कोण लावते? आपण. तिने परत यावे म्हटले की धाकटीचे लग्न अडते, सोसायटीत विचारणा होते, लग्नाचा खर्च डोळ्यांसमोर येतो.

1887 साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंना बजावले होते: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. लहानपणी लावून दिलेले लग्न मान्य नाही म्हणून त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. टिळकांच्या ‘केसरी’ने त्यांच्याविरुद्ध लेखणी चालवली, धर्म बुडतो अशी ओरड झाली. त्या प्रकरणावर आज महिला दिनाला व्याख्याने होतात आणि रखमाबाईंच्या धैर्याला टाळ्या पडतात. टाळ्या देणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत बसलेल्या गृहस्थाची मुलगी डॅलसला कोणत्या हुकमाखाली नांदते आहे, हे त्याला विचारून पाहा. तिच्यावर कोर्टाचा हुकूम नाही. व्हिसाची मुदत आहे, तेवढी पुरते.

चीड याची येते की सुटकेच्या ज्या वाटा कायद्यात आहेत त्याही आपण मुलींना सांगत नाही. लग्नाला दोन वर्षे व्हायच्या आत मिळालेले ग्रीन कार्ड सशर्त असते. ही अट खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी 1986 साली आली. पुढे अट उठवण्याचा अर्ज नवरा-बायकोने मिळून करायचा असतो, आणि याच सहीसाठी बायकोला नाचवले जाते. प्रत्यक्षात छळ झाला असेल किंवा घटस्फोट झाला असेल तर तिला एकटीने अर्ज करता येतो. 1994 च्या कायद्याने तर नागरिकाच्या किंवा ग्रीनकार्डधारकाच्या छळ सोसणाऱ्या पत्नीला नवऱ्याला कळू न देता स्वतःच्या नावाने कायम वास्तव्याचा अर्ज करण्याचा हक्क दिला आहे. एच-वनवाल्याच्या बायकोला तो नाही. छळ सिद्ध झाला तर तिला फार तर कामाचा परवाना मिळतो. आणखी एक कागद असतो, हमीपत्राचा. बायकोला नात्याच्या मार्गाने नेताना नवरा सरकारला लिहून देतो की, मी हिला दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के उत्पन्नाच्या पातळीवर पोसेन. हे बंधन घटस्फोटानेही सुटत नाही, आणि त्या कागदाच्या बळावर बायको स्वतः दावा लावू शकते. लग्नाच्या अल्बमवर लाखभर रुपये खर्च करणाऱ्या किती बापांनी या हमीपत्राची प्रत मुलीच्या बॅगेत ठेवली असेल?

इकडच्या न्यायालयांना हे सगळे कधीच कळून चुकले आहे. 1994 साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात नवऱ्याने पत्रांतून सांगितले म्हणून पत्नीने नोकरीचा राजीनामा दिला, आणि व्हिसाची वाट पाहत असताना तिच्या हातात अमेरिकेतल्या कोर्टाचे लग्न रद्द करण्याचे कागद पडले. भारतात लागलेले लग्न परक्या कोर्टाने परस्पर रद्द करू नये, पत्नीला नवऱ्याच्या मालमत्तेतून पोटगी मिळावी, यासाठी कायदा करा, असे त्याच वेळी न्यायालयाने सुचवले. फेब्रुवारी 2019 मध्ये अनिवासी भारतीयांच्या विवाहाची 30 दिवसांत नोंदणी सक्तीची करणारे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. ते स्थायी समितीकडे गेले, विधी आयोगाने 2024 मध्ये पुन्हा अहवाल दिला, आणि कायदा अजून झालेला नाही. कुणी मोर्चा काढला? सिनेमाच्या नावावरून रस्त्यावर उतरणारे आपण, या विधेयकाचे काय झाले हे खासदाराला पत्र लिहूनही विचारले नाही.

आईवडिलांचे प्रकरण वेगळे, पण मुळाशी तोच स्वार्थ. एकविशी ओलांडलेला नागरिक आईवडिलांना संख्येच्या मर्यादेशिवाय बोलावू शकतो. बोलावतो कधी? सूनबाईंचे दिवस भरत आले की. आधी तिची आई सहा महिने, मग याची आई सहा महिने, पर्यटक व्हिसावर. पाळणाघराचे पैसे वाचतात. सोय फार झाली की मग ग्रीन कार्ड. ते घेऊन दीर्घकाळ इकडे राहिले तर कार्ड धोक्यात येते, म्हणून सत्तरीतली गुडघेदुखी घेऊन ही माणसे दरवर्षी विमानात बसतात. परगावात गाडी चालवता येत नाही, बोलायला कुणी नाही. नातू शाळेत गेला की दिवस भिंतीकडे बघत काढायचा. याला आपण मुलांचे प्रेम म्हणतो, आणि ते म्हणायला त्या बिचाऱ्या म्हातारा-म्हातारीलाच लावतो.

भावंडांच्या रांगेबद्दल थोडक्यात. भारतातल्या भावा-बहिणींसाठी 2025 मध्ये जे अर्ज पुढे सरकत होते ते 2006 साली भरलेले होते. एवढ्या काळात भाच्यांनी एकविशी ओलांडलेली असते आणि बहुतेकदा ते अर्जातून गळतात. ‘मामाने अर्ज भरलाय’ या एका वाक्यावर इथला व्यवसाय न वाढवलेली, मुलांना मराठी शाळेतून काढलेली घरे मी पाहिली आहेत.

आखातातल्या आपल्या माणसांची या गप्पांत आठवणही निघत नाही. खेड, दापोली, श्रीवर्धनचा गडी दुबईत सुतारकाम करतो. तिथे कुटुंब आणायला महिना 4,000 दिरहॅम, किंवा 3,000 आणि राहायला जागा, एवढी कमाई दाखवावी लागते. कुवेतने 2024 मध्ये हीच अट 800 दिनारांवर नेली. म्हणजे कमी पगाराच्या माणसाने बायको गावीच ठेवायची, आयुष्यभर. त्याच्या पैशावर गावात मशिदीला नवा मिनार उठतो, देवळाचा सभामंडप होतो, आणि त्याची बायको एकटीने म्हातारपण गाठते. हिच्यासाठी परिसंवाद नाही, कारण हिचे दुःख इंग्रजी बोलत नाही.

आता काय करायचे, असे विचाराल तर सुरुवात घराशेजारच्या विवाह मंडळापासून होऊ शकते. महाराष्ट्रात विवाह मंडळांच्या नियमनाचा आणि विवाह नोंदणीचा 1998 चा कायदा आहे. पण मंडळाच्या छापील अर्जात रकाने कशाचे? रास, नक्षत्र, नाडी, गण, गोत्र, मंगळ, चष्मा, उंची आणि निर्लज्जपणे रंगसुद्धा. परदेशस्थ मुलाच्या अर्जात आणखी काही रकाने छापायला फार शाई लागणार नाही. व्हिसा कोणता, त्याची मुदत कधी संपते? ग्रीन कार्डचा अर्ज कुठवर आला? आधीचे लग्न झाले होते का, असेल तर कोर्टाच्या निकालाची प्रत कुठे? पत्नीचा अर्ज कोण भरणार, कोणत्या वर्गात, आणि तो मंजूर होईपर्यंत मुलगी कुठे राहणार? सही मुलाची, साक्षीदार त्याचे वडील. आणि यातला एखादा प्रश्न विचारताच जे घर ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ म्हणून रुसेल, त्या घराला चहापोहे झाल्याबरोबर नारळ द्यावा.