पोलादाची घडीची पोळी



गणिताच्या तासाला माझ्या वर्गात एक गंमत दिसते. काही मुलं वहीवर डावा हात असा आडवा धरून बसतात, की शेजाऱ्याला उत्तराचा एक आकडा दिसेल तर शपथ! आज अशाच झाकून ठेवलेल्या उत्तराची गोष्ट सांगते. गोष्ट आहे अमेरिकेतल्या एका सुरीची.

जिम बोवी नावाचा एक धाडसी माणूस होता. १८२७ साली मिसिसिपी नदीकाठी झालेल्या एका मारामारीत मोठ्या सुरीमुळे त्याचा जीव वाचला. झालं! त्याच्याबरोबर सुरीचंही नाव गाजलं. वीतभर किंवा त्याहून लांब पातं, मुठीजवळ हाताला जपणारी आडवी पट्टी आणि टोकाकडे पाठीचा भाग आत वळवून कापलेला, अशी ही बोवी सुरी. १८३६ साली अलामोच्या लढाईत बोवी मारला गेला.

त्याची एक सुरी आर्कान्सा राज्यातल्या वॉशिंग्टन गावच्या जेम्स ब्लॅक या लोहाराने घडवली, असं सांगतात. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही. पण ब्लॅकची एक आठवण डॅनियल जोन्स यांनी लिहून ठेवली आहे. जोन्स पुढे त्या राज्याचे गव्हर्नर झाले. ब्लॅक आपली पोलादाची युक्ती कुणाला सांगत नसे. पुढे तो आंधळा झाला आणि जोन्स यांच्या घरीच राहू लागला. १८७० साली, सत्तराव्या वाढदिवशी, त्याने ती युक्ती डॅनियलला सांगायचं ठरवलं. सांगायला बसला, आणि काही केल्या आठवेना! म्हातारा कपाळ चोळत राहिला. दोन वर्षांनी तो वारला.

असंच आणखी एक उत्तर हरवलं, आणि ते तर आपल्याच देशातलं! दमास्कस हे सीरियातलं शहर. तिथल्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलवारींवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसे. त्यांचं पोलाद दक्षिण भारतात, आजच्या तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडू भागात, मातीच्या बंद मुशीत बनायचं. व्यापारी ते इराण-अरबस्तानात नेत. एकोणिसाव्या शतकात ही कला बंद पडली. तुम्ही विजेच्या धड्यात वाचता ते मायकेल फॅरडे, तेही लोहाराचेच चिरंजीव. त्यांनीसुद्धा या पोलादावर प्रयोग केले होते.

आजची ‘दमास्कस’ बोवी सुरी मात्र वेगळ्या रीतीने, थर जोडून घडवतात. ही रीतही जुनीच, पण अमेरिकेत ती नव्याने आणली बिल मोरान या लोहाराने. स्वतः प्रयोग करकरून ती त्याला साधली. १९७३ साली एका प्रदर्शनात त्याने आपल्या सुऱ्या मांडल्या. मग त्याने काय केलं असेल? वहीवर हात आडवा धरला? छे! हे पोलाद कसं करायचं, याची पुस्तिकाच फुकट वाटली!

ती रीत समजायला आईची घडीची पोळी आठवा. दोन प्रकारच्या पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचतात. एका प्रकारात निकेल असतं, दुसऱ्यात नसतं. भट्टीत सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, टाकणखार टाकून, घणाने ठोकतात. टाकणखारामुळे मधला गंज-मळ निघतो आणि थर एकजीव होतात. मग लांब करायचं, दुमडायचं, पुन्हा तापवून ठोकायचं. प्रत्येक घडीला थर दुप्पट!

पातं घडलं की ते लालबुंद करून तेलात बुडवतात. आपले लोहारदादा विळ्याला ‘पाणी पाजतात’ ना, तसंच. त्याने पातं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून पुन्हा सुमारे २०० अंशांवर हळू तापवतात. शेवटी आम्लासारख्या द्रावणात बुडवलं, की निकेलचे थर चकाकतात, बाकीचे काळे पडतात आणि नक्षी उमटते.

मोरान आणि त्याच्या सोबत्यांनी १९७६ साली लोहारांची एक संस्था काढली. तिथली परीक्षा आपल्या वार्षिक परीक्षेहून कठीण! उस्ताद व्हायचं, तर निदान ३०० थरांची सुरी हवी. ती एका घावात इंचभर जाडीचा लोंबता दोर तोडते. मग दणकट लाकूड दोनदा तोडायचं. इतकं झाल्यावरही हातावरची लव तासता आली पाहिजे! शेवटी पातं शिकंज्यात धरून काटकोनात वाकवतात. तुटलं तर नापास. पास झालात, तरी इतक्या मेहनतीची सुरी कायमची वाकडीच! पण कसब हातात उरतं, आणि ते दुसऱ्याला शिकवता येतं.

आज वॉशिंग्टन गावात लोहारकाम शिकवणारी शाळा आहे. तिला नाव कुणाचं दिलंय, माहीत आहे? जेम्स ब्लॅकचं! ज्याला आपली युक्ती सांगता आली नाही, त्याच्या नावाच्या शाळेत आता मुलं-माणसं ऐरणीवर घण घालायला शिकतात.

भट्टीचे प्रयोग घरी मुळीच करायचे नाहीत हं! दोन रंगांच्या खेळायच्या मातीच्या पोळ्या एकावर एक ठेवा, दुमडा, लाटा आणि मधोमध कापा. नक्षी दिसेल. आता गणित: १० थरांपासून सुरुवात केली, तर ३०० च्या वर जायला किती घड्या लागतील?

सोडवा. आणि उत्तर आलं, की शेजाऱ्याला रीतही समजावून सांगा!

तुमची,
बाई