फ्री थ्रोचे गुण
बास्केटबॉलमधील नामांकित खेळाडू फ्री थ्रोवरच मोठे होतात, ही तक्रार अर्धसत्य होय. १९६२ साली फिलाडेल्फियाच्या विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात १०० गुण केले. त्यांपैकी २८ फ्री थ्रोचे होते. २०१८-१९ च्या मोसमात ह्यूस्टनच्या जेम्स हार्डनने सामन्यामागे सरासरी ३६.१ गुण मिळविले. त्यांतही फ्री थ्रोचा वाटा शेकडा २७ च्याच आसपास. तेव्हा आक्षेप प्रमाणाला नव्हे, रीतीला हवा. फाउल सोसणे निराळे आणि बचावपटूच्या हातात हात अडकवून तो पदरात पाडून घेणे निराळे. २०२१ मध्ये एन.बी.ए.ने अशा कृत्रिम हालचालींबाबत पंचांना कडक धोरण घालून दिले, हे उचितच झाले. तत्पूर्वी अशा फाउलवर शिट्टी फुंकणारे मात्र पंचच होते.