म्हशीला कॅल्शियम, आणि लेकीला?



म्हैस व्याली की आपण कॅल्शियमची बाटली आणतो, मिनरल मिक्श्चर चालू करतो. दुधावाटे कॅल्शियम जातं, नाही दिलं तर जनावर आडवं पडतं, हे आपल्याला पक्कं ठाऊक. पण घरात लेक बाळंतपणाला आलीय, तिच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुठं आहेत बघा. आमच्याकडं फळीवर तशाच पडल्या होत्या. लेकच म्हणाली, "अप्पा, म्हशीचं जेवढं बघता तेवढं माझंही बघा की."

बाळ अंगावर पितं तेव्हा आईच्या हाडातलं कॅल्शियम निघतं. त्याच हाडात शिसंही दडून असतं. शरीर शिशाला कॅल्शियमसारखंच वागवतं, म्हणून मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांच्या वर शिसं हाडात जाऊन बसतं, ते वर्षानुवर्षं तिथंच. आज तिशीतल्या पोरींच्या लहानपणी पेट्रोलमध्येही शिसं होतं, ते २००० साली बंद झालं. हाडातून कॅल्शियम निघालं की शिसंही रक्तात येतं, आणि त्यातलं थोडं दुधात.

म्हणून कुणी पाजणं बंद करू नका! दुधात येणारं शिसं फार थोडं असतं आणि आईच्या दुधाला तोड नाही. पाजणं थांबलं की हाडंही बहुतेक भरून येतात. तोवर आईला कॅल्शियम कमी पडू देऊ नका. मेक्सिको सिटीत पाजणाऱ्या बायांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन बघितलं, रक्तातलं शिसं कमी झालं. ज्यांच्या हाडात शिसं जास्त, त्यांना फायदा जास्त.

आपल्या सरकारी दवाखान्यात ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. रोज दोन, चौथ्या महिन्यापासून बाळंत झाल्यावर सहा महिन्यांपर्यंत. जेवणानंतर घ्यायच्या, लोहाच्या गोळीबरोबर नाही. जोडीला दूध, नाचणी, तीळ आहेतच.

दुसरं म्हणजे गोठ्यात, पडवीत पडलेली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. फुटलेली बॅटरी जनावरानं चाटली तर ते आंधळं होतं, मरतं. पोरं तिथंच खेळतात. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या, घरी फोडू नका.

म्हशीची बाटली आणायला आपण तालुक्याला जातो. लेकीची गोळी तर घरातच आहे. ती पोटात जाते का, एवढं तरी बघू या.