कामगारवस्तीतले हिरवे टेबल

दरवर्षी एप्रिलच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील शेफील्ड येथे स्नूकरची जागतिक व्यावसायिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू होते. बत्तीस खेळाडू सतरा दिवस झुंजतात. १९७७ पासून ही स्पर्धा जेथे होत आली ते क्रूसिबल हे मुळात नाट्यगृह आहे. प्रेक्षक जेमतेम हजार मावतात. क्रूसिबल म्हणजे मूस. शेफील्डची कीर्ती पोलादाची, म्हणून नाट्यगृहाला नावही भट्टीतले. तेथील सायंकाळचा सामना सुरू होतो तेव्हा पिंपरी-चिंचवडमध्ये रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. दुसऱ्या पाळीचा कामगार घरी परततो त्याच सुमाराची ही वेळ. एका कारखानदारी शहरातला हा खेळ दुसऱ्या कारखानदारी शहरात मध्यरात्री पडद्यावर पाहिला जाऊ शकतो. परंतु दिवसाउजेडी, सभ्य जागी आणि परवडेल अशा दरात तो खेळण्याची सोय मात्र येथे सहसा सापडत नाही. येत्या स्पर्धेच्या निमित्ताने या विसंगतीचा विचार व्हायला हवा.

स्नूकर हा परका, साहेबी खेळ आहे, अशी समजूत रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. या खेळाचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत झाला. नेव्हिल चेंबरलेन या तरुण लष्करी अधिकाऱ्याने पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडूंची भर घालून हा प्रकार काढला. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत. नियमांना आकार आला तो १८८० नंतरच्या काही वर्षांत निलगिरीतील उटकमंडच्या क्लबात. म्हणजे खेळ या भूमीवर जन्मला, पण या भूमीतल्या माणसांसाठी नव्हे. दाराबाहेर उभ्या असलेल्या शिपायाने चेंडूंचा आवाज ऐकावा आणि आत अधिकाऱ्यांनी खेळावे, अशी ती व्यवस्था होती.

हाच खेळ समुद्रापलीकडे गेल्यावर त्याचे काय झाले, हे बोधप्रद आहे. ब्रिटनमध्ये तो उमरावांच्या दिवाणखान्यात अडकून पडला नाही. खाणकामगारांच्या संस्था आणि कामगारांचे क्लब यांनी तो आपलासा केला. १९२७ मध्ये भरलेली पहिली जागतिक स्पर्धा जिंकणारे ज्यो डेव्हिस हे डर्बीशायरच्या कोळसा पट्ट्यात वाढलेले. १९७० च्या दशकात सहा वेळा अजिंक्यपद मिळवणारे रे रिअर्डन यांनी कोळशाच्या खाणीत काम केले, दरड कोसळून ते गाडले गेले आणि वाचले. पुढे त्यांनी पोलीसची नोकरी केली. १९७९ चे विजेते टेरी ग्रिफिथ्स कधी बसचे कंडक्टर होते, कधी पोस्टमन. कष्टकरी माणसाला हाताशी टेबल मिळाले आणि त्याने जगज्जेतेपद काबीज केले, असा या खेळाचा विलायतेतील इतिहास आहे.

भारतात गुणांची वाण कधीच नव्हती. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी तोच पराक्रम पुन्हा केला. मुंबईच्या मायकेल फरेरांनी ही परंपरा पुढे नेली. १९८४ मध्ये ओम अग्रवाल यांनी जागतिक हौशी स्नूकर स्पर्धा जिंकली. वीसहून अधिक जागतिक किताब नावावर असलेले पंकज अडवाणी यांचाही जन्म १९८५ मध्ये पुण्यातच झाला. परंतु खेळाडू म्हणून ते घडले बंगळूरला, राज्य बिलियर्ड्स संघटनेच्या सभागृहात आणि अरविंद सावूर यांच्यासारख्या मार्गदर्शकाच्या नजरेखाली. पुण्याने दोन जगज्जेत्यांना जन्म दिला, हे अभिमानाने सांगता येईल. मात्र त्याच पुण्याच्या उंबरठ्यावरच्या कारखान्यांतील किती मुलांच्या हाती क्यू पडली, हा प्रश्न अभिमानाने सुटणारा नाही.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला. त्यामागून मोटारी, स्कूटर, इंजिने आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि नंतर चाकणचे माळरान मोटारींच्या निर्मितीने गजबजले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांतांतून आलेल्या माणसांची ही वस्ती आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब करणाऱ्या टूलरूममधील कारागिराला कोन, वेग आणि स्पर्श यांचा खेळ शिकवावा लागणार नाही. तो त्याच्या हातातच आहे. त्याच्यापुढे दोनच दारे आहेत. एक जिमखान्याचे, जेथील सभासदत्व त्याच्या आवाक्याबाहेरचे. आणि दुसरे तळघरातील किंवा माडीवरील पार्लरचे.

या पार्लरांबद्दल पालकांच्या मनात अढी असते. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. तासावर आकारले जाणारे भाडे, हरणाऱ्याने ते भरायचे हा रिवाज, त्यातून लागणाऱ्या पैजा, धूर आणि रात्री उशिरापर्यंतची वर्दळ. असे चित्र दिसले की कोणता शिक्षक आपल्या विद्यार्थ्याला तेथे जा म्हणेल? सगळीच पार्लरे अशी नसतात, हेही खरे. परंतु बदनामी खेळाची होते. विशेषतः मुलींना तर हे दार बंदच राहते. चेन्नईच्या अनुपमा रामचंद्रन २०२५ मध्ये महिलांच्या जागतिक हौशी स्नूकर स्पर्धेत अजिंक्य ठरल्या. तशी कुवत असलेली एखादी मुलगी निगडीत किंवा भोसरीत असेल, तर तिने सरावाला जायचे कोठे?

यावर एक आक्षेप हमखास येईल. पाणी, रस्ते, वाहतूक यांची ओरड चालू असताना महागड्या टेबलांचे खूळ कशाला? आक्षेपात तथ्य आहे. पूर्ण मापाचे टेबल बारा फूट लांब व सहा फूट रुंद असते, त्याखालच्या दगडी लाद्यांमुळे त्याचे वजन एका टनाहून अधिक भरते आणि किंमत लाखांत जाते. लोकरीचे कापड पावसाळ्याच्या दमट हवेत जड होते. त्याची निगा राखावी लागते. एका वेळी खेळतात दोघेच. पण एकदा बसवलेले टेबल पाळ्यांच्या हिशेबाने पहाटेपासून रात्रीपर्यंत राबू शकते, आणि मैदानासाठी जमीन उरली नाही अशा दाट वस्तीत एका खोलीत मावणारा खेळ ही चैन नसून काटकसर ठरते.

शिवाय नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. १९५३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले कामगार कल्याण मंडळ राज्यभर कल्याण केंद्रे आणि ललित कला भवने चालवते. त्याच्या नाट्यस्पर्धांनी यंत्रावर काम करणाऱ्यांना रंगभूमीवर उभे केले. महानगरपालिकेने नेहरूनगरात हॉकीचे कृत्रिम मैदान उभारले, तेव्हाही हॉकी किती जण खेळतात असे विचारता आले असते. कल्याण मंडळ, महापालिका आणि मोठे कारखाने या तिघांनी मिळून प्रारंभी तीन-चार केंद्रांत दोन-दोन टेबले बसवावीत. नाममात्र शुल्क, पैजेला बंदी, मुलींसाठी राखीव वेळ आणि जाणता प्रशिक्षक, एवढी पथ्ये पाळली तरी पुरे. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांशी ही केंद्रे जोडली, तर पालकांची अढीही हळूहळू सुटेल.

व्यावसायिक यशाची हमी मात्र यातून कोणी मागू नये. तो मार्ग अवघड आहे. मुंबईचे आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीतील इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचले. मानांकन स्पर्धेत असे करणारे ते पहिले भारतीय. ती स्पर्धा २०१५ मध्ये मुंबईला आली, पण २०१९ मध्ये कोचीला झाली त्यानंतर कित्येक वर्षे भरलीच नाही. २०१२ मध्ये व्यावसायिक झालेले अडवाणीही दोन हंगामांनी मायदेशी परतले, कारण त्या वर्तुळात टिकायचे तर ब्रिटनमध्ये मुक्काम ठोकावा लागतो. मुंबईच्याच इशप्रीतसिंग चढ्ढा यांनी २०२४ मध्ये इंग्लिश ओपनची उपांत्य फेरी गाठली, ही आशेची खूण. चीनने मात्र २००५ मध्ये डिंग जुन्हुई या अठरा वर्षांच्या मुलाच्या विजयानंतर प्रबोधिनी आणि स्पर्धा यांचे जाळे विणले, आणि २०२५ मध्ये झाओ शिनटोंग क्रूसिबलमध्ये जगज्जेता झाला. वीस वर्षे लागली. चमत्कार झाला नाही, मशागत झाली.

चाकणच्या मुलांपैकी कोणी शेफील्डला पोहोचेल की नाही, हे कोणी सांगावे? पण पाळी संपवून आलेल्या बापाने मुलाला, आणि मुलीलाही, सोबत घेऊन तासभर स्वच्छ उजेडात खेळता यावे, एवढे मागणे फार मोठे नाही. दीडशे वर्षांपूर्वी ज्या खेळाच्या दाराबाहेर येथील माणूस उभा होता, ते दार आता त्याच्याच वस्तीत उघडले पाहिजे.