मैदान की मंत्रिमंडळ?

दहावीचे वर्ष जवळ आले, की पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत एक हिशेब मांडला जातो. मुलाने संध्याकाळी मैदानावर जावे, की शाळेच्या विद्यार्थी मंत्रिमंडळात एखादे पद मिळवावे? महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी अधिक वजन कशाचे, एवढाच प्रश्न असतो. मुलाला काय आवडते, हे सहसा कोणी विचारीत नाही.

निव्वळ हिशेबच करायचा तर मैदानाचे पारडे जड आहे. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या विद्यार्थ्यास दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी २००५ सालापासून ५ टक्के जागा राखीव आहेत. शाळेच्या ‘मुख्यमंत्र्या’च्या वाट्याला यांतले काही येत नाही. अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जांत मात्र नेतृत्वाची विचारपूस होते, आणि तिकडे डोळे लागलेल्या घरांत मंत्रिमंडळाचा भाव एकदम वधारतो.

परंतु आपल्याकडे या नेतृत्वाचे उरले आहे काय? १९९४ च्या आरंभी राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीचे भव्य क्रीडासंकुल उभे राहिले. त्याच वर्षीच्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील खुल्या निवडणुकांना पूर्णविराम दिला. वर्गप्रतिनिधी परीक्षेतील गुणांवरून ठरू लागला. क्रीडा, सांस्कृतिक कार्यक्रम, राष्ट्रीय छात्रसेना यांचे प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमावयाचे. उत्तम खेळाडू विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी होई, पण विद्यार्थ्यांनी त्याला निवडलेले नसे! निवडणुकांत दंडेली होती, १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खूनही झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि दंडेली मोडण्याऐवजी मतदानच मोडले गेले. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली; २०१९ साली ठरलेल्या निवडणुका विधानसभा निवडणुकीपायी लांबणीवर पडल्या.

वरचे हे वारे शाळांतही पोहोचले आहे. बहुतेक ठिकाणी मंत्रिमंडळ शिक्षकांच्या पसंतीचे असते आणि त्याचे काम पाहुण्यांना गुच्छ देण्यापुरते. खो-खोच्या संघात मात्र वशिल्याने आलेला मुलगा पहिल्याच डावात उघडा पडतो. तेथे हरावे लागते, आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच सोबत्यांसमोर उभे राहावे लागते. नेमलेल्या मंत्र्यावर असा प्रसंग कधी येतच नाही.

पालकांनी तूर्त मुलाला मैदानावर पाठवावे, हे उघड आहे. शाळांनी मात्र मंत्रिमंडळासाठी गुप्त मतदान घ्यावे, आणि निवडून आलेल्यांच्या हाती एखादा खरा अधिकार द्यावा. ग्रंथालयात कोणती पुस्तके घ्यावीत किंवा मधल्या सुट्टीत मैदान कोणत्या वर्गाला मिळावे, एवढे ठरविण्याचा अधिकारही आरंभाला पुरेसा आहे.