निरोपयंत्राची भाषा

१९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात आले. उर्वरित जिल्हा आंध्रात राहिला, २०१४ पासून तेलंगणात आहे. पैनगंगेकाठच्या बेला-जैनथकडील कित्येक घरांतून मराठी मात्र टिकली. अशा घरी मुले बिनतारी दूरध्वनी आणि निरोपयंत्र बसवितात व त्यातील मूळचा इंग्रजी संदेश तसाच ठेवतात, हे आम्हांस मान्य नाही. पलीकडची मावशी त्या परक्या आवाजाने बावरते, फोन ठेवते. निरोप राहून जातो. तिला भाच्याचाच आवाज ऐकू येऊ द्या. आधी मराठीत, मग तेलुगूत. आणि शिट्टीनंतर बोलावयाचे, हेही सांगा.

दुसरे असे की, तांब्याच्या तारेवरील साध्या फोनला ४८ व्होल्टची वीज दूरध्वनी केंद्राकडून मिळते. घरातील दिवे गेले तरी तो चालतो. बिनतारी फोनची बैठक घरच्या विजेवर. ती गेली की हातातला संच मुका! (आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात याचा अनुभव वेगळा सांगावयास नको.) तेव्हा तार शाबूत असेल तेथे जुना फोन अडगळीत न टाकता जोडून ठेवावा. प्रकाशतंतूची जोडणी असल्यास तिच्या पेटीला बॅटरी लावावी. घरात म्हातारी माणसे एकटी असतील तर आजच.